विश्रामबागेतली लॅब: माणसं चांगली, किडनी पॅकेज अर्धवट

आमच्या दादांना साखर आणि बीपी, दोन्ही जुनंच. मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत अजूनही बसतात, आणि गुडघ्यासाठी पेनकिलर चहाबरोबर ठरलेली. 'मला काय झालंय?' म्हणून तपासणीला येईनात. किडनी बरीच खराब होईपर्यंत काही जाणवतच नाही, हे इथल्या ताईंनी त्यांना सांगलीच्या भाषेत पटवलं. त्याचा एक स्टार जास्त.

सकाळची पहिली लघवी आणा, हे आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं. सुई टोचली कधी ते दादांना कळलं नाही. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर.

आता तक्रार. बोर्डावरच्या 'किडनी पॅकेज'मध्ये युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, संपलं. लघवीतून प्रोटीन किती गळतंय ते दाखवणारा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर, वेगळे पैसे देऊन मागावा लागतो. शुगरवाल्याला खरी गरज त्याचीच की! दादांचं क्रिएटिनिन १.१, एकदम नॉर्मल. एसीआर मात्र ८६. तो ३० च्या आत हवा. नुसतं पॅकेज केलं असतं तर पेढे वाटत घरी आलो असतो. किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज देणारा आकडा, ईजीएफआर, तोही छापत नाहीत. वय, लिंग आणि क्रिएटिनिन घातलं की निघतो तो, कॉम्प्युटरला काय जड आहे?

एका रिपोर्टवर किडनीच्या आजाराचा शिक्का मारत नाहीत, तीन महिन्यांनी परत करू, असं डॉक्टर म्हणाले. पेनकिलर मात्र किडनीला त्रास नको म्हणून त्याच दिवशी बंद.

पार्किंगचं नाव काढू नका. गेलात तर आठच्या आत जा आणि काउंटरवर एसीआर स्वतःहून मागा.