सिटीलाइट मार्केट, माहीम: लो कार्ब करणाऱ्यांनी इथे यायलाच हवं

हा रिव्ह्यू मी लो कार्ब, म्हणजे भात-पोळीसारखे पिष्टमय पदार्थ (कार्ब्स) कमी, खाणाऱ्या माणसाच्या नजरेतून लिहितोय. माझं वजन ११८ किलो होतं, आता ८४ आहे, भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतो की कुठला डाएटिशियन लावलास, कुठली पावडर घेतोस. तर पावडर नाही, मी माटुंगा रोड स्टेशनला पश्चिमेला उतरतो आणि चालत सिटीलाइट मार्केटला जातो. पालिकेचं मार्केट आहे, कागदोपत्री नाव गोपी टँक मार्केट, पण टॅक्सीवाल्यांपासून सगळे सिटीलाइटच म्हणतात.

आधी हिशोब सांगतो म्हणजे मासळी बाजाराचं एवढं कौतुक का ते कळेल. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब्स असतात, एका मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम. आपल्याकडे तीन पोळ्या, वर भात, मधे बटाट्याची भाजी, म्हणजे एका जेवणात शंभरी सहज पार होते. आणि बांगडा, सुरमई, बोंबील यात कार्ब्स जवळपास शून्य, प्रोटीन मात्र १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम. शाकाहारी माणसाला पनीर, अंडं चालत असेल तर अंडं, टोफू यावर भागवावं लागतं, जमतं ते पण कंटाळा लवकर येतो. मासे खाणाऱ्याला मुंबईत कंटाळा यायचं कारणच नाही, आज मांदेली, उद्या कोळंबी, परवा हलवा.

आता मार्केटबद्दल. इथल्या कोळणी माल ओळखायला शिकवतात, हे मला सगळ्यात जास्त आवडतं. माझ्या नेहमीच्या मावशी पहिल्यांदा कल्ला उघडून दाखवतात, आत लालभडक हवा, तपकिरी पडला की शिळा, डोळे फुगीर आणि पाणीदार, बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. पापलेट घेताना कल्ल्यापाशी दाबून बघायचं, पांढरं दूध आलं की ताजं. एकदा मी सुरमईवर अडून बसलो होतो तर मावशी म्हणाल्या, "आज नको घेऊ बाळा, बर्फातली हाय, बांगडा बघ कसा कडक हाय," आणि स्वतःचा जास्त किमतीचा माल बाजूला ठेवून मला बांगडे दिले. असा माणूस मिळाला की डाएट टिकतो हो. शिवाय बांगडा, मांदेली, तारली अशा लहान माशांत पारा कमी असतो, मोठ्या शिकारी माशांत तो जास्त साठतो, त्यामुळे रोज खाणाऱ्याला लहान मासळीच बरी आणि खिशालाही परवडते.

साफ करून घ्यायला तिथेच बायका बसलेल्या असतात, पैसे वेगळे. कालवणाला की तळायला ते आधी सांगा, तुकड्या तशा पाडतात. बोंबील तळायला चिरून दाबून ठेवावे लागतात आणि रव्याशिवाय ते तव्यावर मोडतातच, म्हणून मी बोंबलाचं कालवण करतो, आलं लसूण मिरची कोकम, वर कोथिंबीर. बांगडा मात्र रवा, तांदळाचं पीठ काहीही न लावता नुसत्या हळद मीठ तिखट आगळात मुरवून तव्यावर टाका, अजिबात अडत नाही. ओल्या नारळाचीही भीती नको, त्यातले अर्ध्याहून जास्त कार्ब्स तंतूंचे असतात.

भाजीही तिथेच होते. फ्लॉवर, कोबी, फरसबी, दुधी, पडवळ, भेंडी, वांगं, पालेभाजी कुठलीही, हे सगळं बिनधास्त. बटाटा, रताळं, सुरण, बीट यावर हात आखडता. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, उपवास म्हणून जी साबुदाण्याची खिचडी आपण खातो ना, तो साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, कोरड्या १०० ग्रॅममध्ये ८५ च्या वर कार्ब्स. एकादशीला वजन वाढवायचा तो राजमार्ग आहे, माझ्या आईला हे पटवायला फार वेळ लागला, आता ती माझ्यासाठी दही आणि भाजलेले शेंगदाणे काढून ठेवते.

कीटोचं, म्हणजे अगदीच कमी कार्ब्सच्या डाएटचं, पीठ आणि बिस्किटं मी ऑनलाइन मागवून बघितली होती, कंपनीचं नाव घेत नाही, पोळी रबरासारखी आणि किंमत विचारू नका. त्यापेक्षा सरळ पोळी सोडून मासे आणि भाजी खाल्ली की पोट नीट भरतं. महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर हा वाद घरोघरी झाला, एक म्हणतात दोनदाच जेवा, दुसऱ्या म्हणतात थोड्या थोड्या वेळाने खा. माझं मत असं की जे तुम्हाला वर्षानुवर्षं जमेल ते करा. २०१८ साली स्टॅनफर्डच्या लोकांनी ६०९ जणांवर अभ्यास केला, वर्षभराने लो फॅट आणि लो कार्ब दोन्ही गटांचं वजन सरासरी ५-६ किलोच उतरलं होतं, फारसा फरक नाही. मला लो कार्ब जमलं कारण घरचंच मासळीचं जेवण होतं, फक्त ताटातला भात गेला.

पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येतो त्याने हुरळू नका. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, ते आधी निघून जातं, चरबी नंतर सावकाश. त्या दिवसांत डोकं दुखतं, पायात गोळे येतात, पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नका. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय एक दिवसही सुरू करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्यांवर असाल तर कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल घातक वाढण्याचा, धोका असतो. किडनीचा त्रास असेल तरी तेच. माझी बीपीची एक गोळी डॉक्टरांनी स्वतः बंद केली, मी मनाने नाही. कोलेस्टेरॉल मधेमधे तपासून घ्या, काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, यात वाढतं.

जायची वेळ म्हणाल तर सकाळी. रविवारी आणि बुधवारी तुफान गर्दी, सोमवार, गुरुवार, संकष्टीला बरेच लोक खात नाहीत तेव्हा निवांत निवडता येतं आणि भावही खाली असतो, श्रावणात तर विचारूच नका. जून जुलैमध्ये मोठ्या बोटी बंद असतात, तेव्हा खाडीची मासळी आणि अंडी यावर काढायचं, सुके बोंबील आणि सुकटही आहेच पण बीपीवाल्यांनी ते भिजवून मीठ काढून मगच करा.