देव काळाच्या आत की बाहेर : सोलापुरातल्या शनिवारच्या अभ्यासवर्गाचा अनुभव

सहा शनिवार, संध्याकाळी 6 ते 8, फी 300 रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आणि चहा. एका चर्चच्या मागच्या हॉलमधे होता वर्ग आणि विषय एकच, देव काळाच्या आत आहे का काळाच्या बाहेर. मंडळीतले बरेच जण विचारतायत कसा झाला म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मी का गेले ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागच्या वर्षी आईची गाठ काढून तपासायला पाठवली होती. रिपोर्ट यायचा त्या दिवशी मी दुपारी 1 पासून 5 पर्यंत स्वयंपाकघरात फरशीवर बसून प्रार्थना करत होते, प्रभू रिपोर्ट चांगला येऊ दे, एवढं एकच. 5 ला मोबाईलवर रिपोर्ट आला, चांगला नव्हता, आणि खाली डॉक्टरांच्या सहीशेजारी वेळ छापलेली, सकाळी 11.20. म्हणजे मी बसले तेव्हा सगळं लिहून सही पण झालेली होती. ते 11.20 माझ्या डोक्यातनं जाईचना. मग मी चार तास बोलले ते कशासाठी? एका प्रार्थना गटात विचारलं तर विश्वास कमी पडला की असले प्रश्न येतात असं ऐकवलं, लई लागलं ते मनाला, नंतर कुणाला विचारलंच नाही.

इथं पहिल्याच शनिवारी पाळकसाहेबांनी बोर्डावर दोन शब्द लिहिले, सार्वकालिक आणि कालातीत. म्हणाले आपल्या मराठी बायबलमधे सार्वकालिक जीवन येतं, सगळ्या काळाचं, आणि स्तोत्र 90 म्हणतं अनादिकाळापासून अनंतकाळापर्यंत, आता पासून आणि पर्यंत हे तर काळातलेच शब्द झाले. पण कालातीत म्हणजे काळाच्या बाहेरचं, आणि योहान 8:58 मधे येशू म्हणतो अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे. होतो नाही, आहे. लहानपणापासून संडे स्कूलला पाठ केलेली वचनं आणि हे कधी दिसलंच नव्हतं.

मग ऑगस्टीन, जुन्या काळातला बिशप आणि ख्रिस्ती विचारवंत. जग करायच्या आधी देव काय करत होता, हा प्रश्न त्याने सन 400 च्या आसपास घेतलाय आणि उत्तर असं की काळच देवाने जगाबरोबर निर्माण केला, त्यामुळे तिथं आधी असं काही नव्हतंच. पुढं बोएथियस हा रोमन तत्त्वज्ञ, सन 524 च्या सुमारास, तुरुंगात, मरणाची शिक्षा समोर असताना लिहितो की अनंतत्व म्हणजे न संपणारं जीवन सगळंच्या सगळं एकाच वेळी हातात असणं. देवाला माझं उद्या आधीच दिसतं असं नाही, त्याच्यासमोर ते आत्ताच आहे. तुरुंगातल्या माणसाने हे लिहिलं म्हणून मला ते जवळचं वाटलं.

तिसरा शनिवार सगळ्यात भारी. थॉमस अक्विनास या मध्ययुगातल्या ख्रिस्ती विचारवंताचा दाखला आहे, रस्त्याने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत पण उंचावरनं बघणाऱ्याला सगळा रस्ता एकदम दिसतो. वर्गातले एक काका लगेच म्हणाले, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांसारखं की, त्या उंच काठ्यांची मिरवणूक, गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की एक काठी गेली मग दुसरी आली असं दिसतं, आणि कुणाच्या गच्चीवर गेलं की सातही एकदम दिसतात. सगळ्या हॉलला कळलं त्या एका वाक्यात. मी तेव्हाच हात वर केला आणि 11.20 चं सांगितलं. पाळकसाहेब खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ताई, गच्चीवरनं बघितलं तर तुमची दुपार आणि डॉक्टरांची सकाळ दोन्ही एकदमच दिसतात, तुमची प्रार्थना उशिरा पोचली असं त्याच्याकडे होत नाही. मी रडले तिथंच. मागच्या मावशींनी पाणी दिलं.

पण पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःच तो दाखला तपासायला घेतला, हे मला सगळ्यात आवडलं. अँथनी केनी नावाच्या विचारवंताचा आक्षेप असा की अनंतत्व माझ्या आत्ताच्या क्षणाबरोबर आणि नीरोच्या काळातल्या रोमच्या आगीबरोबरही एकाच वेळी असेल तर मी आणि ती आग एकाच वेळी असं म्हणावं लागेल. आणि बघणं वेगळं, उत्तर देणं वेगळं. 2 राजे 20 मधे हिज्कीया राजा आजारी, यशया संदेष्टा येऊन सांगतो तू मरणार, राजा भिंतीकडे तोंड करून रडतो आणि यशया मधल्या चौकाबाहेर पडायच्या आत देव त्याला परत पाठवतो, 15 वर्षं वाढवून दिली म्हणून. आधी एक बोलला, मग ऐकलं, मग दुसरं बोलला. निकोलस वोल्टरस्टॉर्फ या तत्त्वज्ञाने 1975 मधे हेच मांडलं की बायबलचा देव ऐकून वागतो म्हणजे त्याच्यासाठीही आधी आणि नंतर आहेच. यावर एका मुलीने विचारलं, काळातल्या देवाला ताई 1 ला बसणार हे सकाळी माहीत नसेल का? बरोबर आहे तिचं, काळातल्या देवालाही पुढचं नीट कळत असेल तर तिकडूनही माझा 11.20 चा प्रश्न सुटतो.

तक्रार पाचव्या शनिवारची. मॅकटॅगार्ट या तत्त्वज्ञाच्या 1908 च्या लेखातल्या काळाच्या दोन मालिका, एक भूत-वर्तमान-भविष्य अशी आणि एक नुसती आधी-नंतर अशी, बोर्डभर बाण, नोट्सची झेरॉक्स फिकी आणि त्यातले उतारे इंग्रजीत, मागे बसलेल्या बायका गप्प झाल्या पार. विल्यम लेन क्रेग या आजच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचं मत, सृष्टीविना देव कालातीत आणि सृष्टी झाल्यापासून काळात, हे 20 मिनिटांत उरकलं. मला तर सृष्टी नसताना एक आणि असताना एक हे पटलंच नाही, वेळ दिला असता तर विचारलं असतं.

आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्याला शेवटच्या शनिवारी जेमतेम 10 मिनिटं. खाल्सेदोन गावी भरलेल्या बिशपांच्या परिषदेने सन 451 मधे ठरवलं की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. म्हणजे जो काळाच्या बाहेर तोच पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत रात्री एकेक तास काढत होता, शिष्यांना म्हणत होता तुमच्याने घटकाभर पण जागवलं नाही का. मी बोएथियसच्या बाजूची आहे, पण गच्चीवरचा देव एवढंच असतं तर मला पुरलं नसतं. 1 ते 5 मधला प्रत्येक तास कसा जातो हे त्याला अंगावर काढून माहीत आहे, माझं उत्तर मला इथं मिळालं. यावर अख्खा एक शनिवार हवाच, पाळकसाहेबांना तसं सांगितलंय.

5 पैकी 4. पुढची बॅच बहुतेक ख्रिसमस झाल्यावर, नोट्स मराठीत करून देऊ म्हणालेत. तयारी काही लागत नाही, फक्त मराठी बायबल आणि वही न्या, हॉलमधे डास आहेत तेवढं बघा. आईची सहावी केमो झाली, या वेळी तीही येणार म्हणतीये, पुढच्या रांगेत दोन खुर्च्या धरायला सांगितल्यात.