समकालीन, समवयस्क की वारगीचा? स्मरणिका लिहिणाऱ्यांसाठी

सोलापुरात शाळेची, मंडळाची, एखाद्या पेठेची स्मरणिका निघते तेव्हा 'समकालीन' हा शब्द पानोपानी भेटतो. शब्द चांगला, पण त्याच्यावर नको ती कामं लादली जातात.

'समकालीन'ला दोन पक्ष लागतात आणि त्यांचा काळ एकमेकांवर यावा लागतो. वय सारखं असण्याची अट नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) आणि उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) दोघंही सोलापुरात जन्मले. डॉक्टरांचं अख्खं आयुष्य वालचंदांच्या आयुष्यात मावतं, तेव्हा ते समकालीन खरेच. पण वयात २८ वर्षांचं अंतर. नुसतं 'समकालीन' लिहिलं तर दोघं एकाच वर्गात असावेत असं वाचणाऱ्याला वाटेल. अशा जागी सरळ सालं द्यावीत. उलट, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारे एकनाथ सोळाव्या शतकातले. ज्ञानेश्वरांशी नातं कितीही जवळचं असलं तरी ते समकालीन नव्हेत.

'समवयस्क' वयाबद्दल बोलतो, म्हणून जन्मसाल जास्त पक्कं हवं. नामदेव १२७०चे, ज्ञानेश्वर १२७५चे. इथे दोन्ही शब्द चालतील. पण बसवेश्वर आणि आपले सिद्धरामेश्वर? दोघंही बाराव्या शतकातले, तेव्हा समकालीन. त्यांना समवयस्क म्हणायचं तर जन्मसालांचा पुरावा मागितला जाईल, आणि त्या वादात स्मरणिकेनं पडू नये. पुरावा कमी असेल तिथे 'समकालीन' बरा, तो कमी दावा करतो.

'तत्कालीन' मात्र वेगळ्या घरचा. तो हुद्द्याला लागतो: तत्कालीन कलेक्टर, तत्कालीन मुख्याध्यापक. 'मार्शल लॉच्या वेळचे तत्कालीन कलेक्टर' ही द्विरुक्ती झाली. सोलापुरातल्या मार्शल लॉचं साल, १९३०, एकदा सांगितलं की पुरे. आणि 'समकालीन कलेक्टर' म्हटलं तर प्रश्न येतो, कुणाचे?

'समकालीन चित्रकला' म्हणजे आजची चित्रकला, हा वापर आता रूढ झालाय. प्रदर्शनाच्या पत्रकात खपून जातो. पण जुन्या शिक्षकांवरच्या लेखात त्याच शब्दानं 'आजचे' असंही सुचवलंत तर वाचणारा गोंधळेल. तिथे 'आजचे' लिहा, काही बिघडत नाही.

आठवणींच्या लेखाला मी यातला एकही शब्द देणार नाही. 'आमच्या वारगीचे', म्हणजे आमच्या वयाचे, हा शब्द आपल्या भागात घरोघर आहे, आणि सत्तरीतल्या माजी विद्यार्थ्याच्या तोंडी 'माझे समवयस्क मित्र' घातलं की ते त्याचं बोलणं राहत नाही, सचिवांचं प्रास्ताविक होतं. मुद्रितशोधकानं 'वारगी' खोडला तर परत घालून घ्या.