प्रबंधासाठी कोणती घ्यावी: सौर आघाडी की जैवइंधन आघाडी?

उदयोन्मुख अर्थव्यवस्था ऊर्जेसाठी आंतरराष्ट्रीय संस्था कशा उभारतात, यावर एम.ए.चा प्रबंध लिहायचाय आणि भारताच्या पुढाकाराची एकच संस्था निवडायचीय? मग आंतरराष्ट्रीय सौर आघाडी (International Solar Alliance) आणि जागतिक जैवइंधन आघाडी (Global Biofuels Alliance) या दोघींपैकीच एक घ्या.

सौर आघाडीचा जन्म टप्प्याटप्प्याने कागदावर सापडतो. 30 नोव्हेंबर 2015 ला पॅरिसच्या हवामान परिषदेत मोदी आणि फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष ओलाँद यांनी घोषणा केली. करार लागू व्हायला मात्र 15 देशांची मंजुरी हवी होती. पंधरावा आला गिनी, नोव्हेंबर 2017 मध्ये, आणि तीस दिवसांनी, 6 डिसेंबरला, करार लागू झाला. सुरुवातीला कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या पट्ट्यात पूर्ण किंवा थोडेफार येणारे देशच सदस्य होऊ शकत. 2020 च्या दुरुस्तीने संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्याच सदस्यांना दार उघडलं. वर्गणीची सक्ती नाही, आणि उद्दिष्ट 2030 पर्यंत एक लाख कोटी डॉलरची गुंतवणूक उभी करण्याचं. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, एवढा एकच प्रश्न प्रबंधाला पुरून उरेल.

जैवइंधन आघाडी 9 सप्टेंबर 2023 ला, दिल्लीच्या जी-20 परिषदेत जाहीर झाली. मंजुऱ्यांची लांब वाट इथे नव्हती, त्यामुळे चाळायला कागदही कमी. पण तीनच महिन्यांनी, 7 डिसेंबरला, केंद्राने उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला त्या हंगामापुरती मनाई केली. पावसाने ओढ दिलेली, साखर कमी पडायची भीती. ऐन गाळपात, डिस्टिलरीसाठी कर्ज काढून बसलेल्या कारखान्यांवर हे येऊन पडलं. आठवड्याभरात, इथेनॉलकडे वळवायच्या साखरेला 17 लाख टनांची मर्यादा घालून, मनाई सैल झाली. जगाला इथेनॉलसाठी एकत्र आणणाऱ्या देशाला घरची साखर आधी बघावी लागते, हे इतकं उघड दुसरीकडे कुठे दिसेल? ब्राझील 1975 पासून उसाच्या इथेनॉलच्या रस्त्यावर आहे, तोही तुलनेला घेता येतो.

माझं मत सांगतो. हातात चार-सहा महिनेच असतील तर सौर आघाडी घ्या, साहित्य तयार आहे. वर्षभर असेल आणि कोल्हापूर-सांगलीकडे जाणं जमणार असेल, तर बेलाशक जैवइंधन. मात्र कारखान्यावर डिसेंबर-जानेवारीतच जा, गाळप चालू असताना. आणि सी हेवी मळी (साखर काढून झाल्यावर शेवटी उरणारी), बी हेवी मळी (तिच्या आधीच्या टप्प्यातली, जास्त साखर असलेली), रस या तिन्हींच्या इथेनॉलचे दर वेगवेगळे विचारून लिहून घ्या.