एसीएल तुटली: आधी ऑपरेशन की आधी व्यायाम?

कबड्डीत पाय मुरगळला, गुडघ्यात 'कट्' झालं, दोन तासांत सूज. बहुधा एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून धरून ठेवणारी लिगामेंट, तुटलेली असते. बेळगाव-खानापूर भागात पुढचा सल्ला ठरलेला: कुणी म्हणतं "लगेच ऑपरेशन कर", कुणी "तेल लावून बघ". तेल सोडा, त्यानं तुटलेली लिगामेंट जुळत नाही.

ऑपरेशनमध्ये लिगामेंट शिवत नाहीत बहुधा. मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून नवी बसवतात. व्यायाम मात्र त्यानंतरही चुकत नाही, आणि मैदानात उतरायला किमान नऊ महिने. घाई केली की पुन्हा दुखापतीचा धोका वाढतो.

दुसरी वाट म्हणजे आधी नेटानं फिजिओथेरपी, गरज पडली तरच ऑपरेशन. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या चाचणीत (2010) एका गटाचं लगेच ऑपरेशन केलं, दुसऱ्याला आधी व्यायाम दिला; दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे जवळपास सारखेच निघाले. व्यायामाच्या गटातल्या 39 टक्क्यांना तोवर ऑपरेशन लागलं होतं, पाच वर्षांत 51 टक्क्यांना. म्हणजे निम्मे सुटले!

पण ती माणसं ना लाल मातीत कुस्ती खेळत होती, ना उसाच्या सरीतून मोळी वाहत होती. पैलवानाला, किंवा चालतानाच गुडघा सटकतो त्याला, मी ऑपरेशनच सुचवेन. गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटून गुडघा अडकला असेल तर थांबूच नये. दुकानात बसणाऱ्यानं मात्र आधी तीन महिने व्यायाम करावा. निपाणीहून आठवड्याला दोनदा बेळगावची एसटी परवडत नसेल, तर व्यायाम नीट शिकून घरीच, पण रोज.