इंकस्केप : फोटो क्रॉप करण्याच्या कामापुरते परीक्षण

नागपुरात वेक्टर चित्रकामाचे, म्हणजे पिक्सेलांऐवजी रेषा आणि आकारांनी चित्र बनवण्याचे सॉफ्टवेअर म्हटले की कोरलड्रॉचेच नाव पुढे येते. महाल-इतवारीतील छापखाना असो की वस्तीतले फ्लेक्सचे दुकान, 'सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल आहे का?' हाच पहिला प्रश्न असतो, आणि १९८९ पासून बाजारात असलेल्या या सॉफ्टवेअरने ती जागा कामाच्या जोरावर मिळवली आहे, हे मान्य करायला हवे. परंतु ज्याला वर्षातून काही वेळाच संत्रा बर्फीच्या डब्याचे लेबल, बचत गटाच्या पापडाचे पाकीट किंवा एखाद्या कार्यक्रमाचा फलक तयार करायचा असतो, त्याला कोरलड्रॉच्या परवान्याचा खर्च जड जातो. चोरीची प्रत वापरण्याची सवय आपल्याकडे कितीही रुळलेली असली, तरी तो मार्ग सुचवण्यासारखा नाही. अशा वापरकर्त्यासाठी इंकस्केप हा गंभीरपणे विचारात घ्यावा असा पर्याय आहे. २००३ मध्ये सोडिपोडी या प्रकल्पातून वेगळे झालेले हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालते. त्याच्या सर्व सोयींचा आढावा घेण्याऐवजी येथे फोटो क्रॉप करणे, म्हणजे त्यातला हवा तेवढाच भाग ठेवणे, या एकाच कामाची तपासणी केली आहे, कारण नवीन माणूस सर्वप्रथम तेथेच अडतो आणि सॉफ्टवेअरचा खरा स्वभावही तेथेच उघड होतो.

अडण्याचे कारण साधे आहे. डावीकडच्या टूलबॉक्समध्ये क्रॉपचे साधनच नाही. फोटोवर आपल्याला हवा तो आकार काढायचा, आकार आणि फोटो दोन्ही एकत्र निवडायचे आणि ऑब्जेक्ट मेनूतील क्लिपमध्ये जाऊन सेट क्लिप म्हणायचे, अशी येथील पद्धत आहे. सर्वांत वर असलेला आकार खिडकीचे काम करतो आणि त्याच्या बाहेरचा फोटो दिसेनासा होतो. चौकोन, वर्तुळ, पेनने काढलेली वाकडीतिकडी रेषा, इतकेच काय, जाड अक्षरांतला शब्दही खिडकी म्हणून चालतो. एकाहून अधिक आकारांमधून एकच फोटो दाखवायचा असेल, तर ते आकार आधी युनियन किंवा कंबाइनने एक करून घ्यावे लागतात.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या फलकासाठी दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो घेतला, तर त्यात घुमटाबरोबर गर्दी, दिव्यांचे खांब आणि तारा येणारच. घुमट तेवढा वेगळा काढण्यासाठी बेझिए पेनने त्याच्या कडेने रेषा ओढताना शक्य तितके कमी नोड (रेषेवरचे बिंदू) द्यावेत. घुमटाची कड हा एक सलग बाक आहे. तो मोजक्या नोडांच्या हँडलांनी (बाक ठरवणाऱ्या दांड्यांनी) जितका गुळगुळीत साधतो, तितका पावलापावलावर टिचक्या मारून साधत नाही. क्लिप लावल्यानंतर कड चुकलेली दिसली, तरी सगळे पुन्हा करावे लागत नाही. नोड टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत क्लिपचा मार्ग दाखवणारे बटण मिळते आणि तेथल्या तेथे दुरुस्ती होते. ही सोय उत्तम आहे, मात्र ती स्वतःहून समोर येत नाही.

खिडकी तशीच ठेवून आतला फोटो सरकवण्याच्या बाबतीत मात्र इंकस्केप कमी पडते. कोरलड्रॉच्या पॉवरक्लिप या अशाच सोयीत चौकटीच्या आत शिरून फोटो हलवणे अगदी सहज आहे. येथे साधी क्लिप लावली, तर फोटो ओढताच खिडकीही त्याच्याबरोबर सरकते. त्यावर उपाय असा, की आधी एकट्या फोटोचाच ग्रुप करावा आणि क्लिप त्या ग्रुपला लावावी. मग ग्रुपवर डबल-क्लिक करून आत गेल्यावर फोटो मोकळेपणाने हलवता येतो. रोज अनेक फोटो चौकटीत बसवणाऱ्या माणसाला हा वळसा त्रासदायकच वाटेल.

या सर्व प्रक्रियेत फोटोचा एकही पिक्सेल कापला जात नाही, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. इंकस्केपची मूळ फाइल एसव्हीजी असते. तिच्यात फोटो पूर्ण राहतो आणि 'एवढाच भाग दाखवा' अशी सूचना त्याच्या जोडीला नोंदवली जाते. याचा लाभ उघड आहे. महिन्याभराने ग्राहकाने 'डावीकडचे झाडही घ्या' म्हटले, तर रिलीज क्लिप करून मूळ फोटो परत मिळवता येतो. परंतु त्यातूनच दोन अडचणी निर्माण होतात. पहिली फाइलच्या आकाराची. फोटो एम्बेड केला, म्हणजे फाइलच्या आतच ठेवला, तर तो मजकुराच्या रूपात साठवला जातो आणि त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. ६ एमबीच्या फोटोतून बोटभर चेहरा दाखवला, तरी फाइल ८ एमबीच्या घरात जाते. लिंक केला, म्हणजे फाइलमध्ये फोटोचा फक्त पत्ता ठेवला, तर ती हलकी राहते, पण ती पेन ड्राइव्हवर घेऊन फोटो घरीच राहिला, तर छापखान्यात रिकामी जागाच उघडते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ओळखपत्र बनवताना कोणी आधार कार्डाच्या स्कॅनमधून फक्त चेहरा क्लिप केला आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली, तर घेणारा माणूस क्लिप सोडवून आधार क्रमांकासह संपूर्ण कार्ड पाहू शकतो. पीडीएफमध्येसुद्धा झाकलेला भाग आत शिल्लक राहू शकतो. येथे दोष सॉफ्टवेअरचा म्हणता येत नाही, कारण पॉवरक्लिप आणि अडोबीच्या इलस्ट्रेटर या वेक्टर सॉफ्टवेअरचा क्लिपिंग मास्क हेही याच तत्त्वावर चालतात. तरीही वापरणाऱ्याला याची सूचना कोठेच मिळत नाही, हे खटकते. नव्या आवृत्त्यांत क्लिप लावलेल्या फोटोवर राइट-क्लिक केल्यावर 'क्रॉप इमेज टू क्लिप' हा पर्याय मिळतो आणि त्याने बाहेरचे पिक्सेल खरोखर काढून टाकले जातात. खासगी कागदपत्रांच्या बाबतीत तो वापरावा, किंवा अंतिम चित्र पीएनजीमध्ये निर्यात करून तेच पाठवावे. इलस्ट्रेटरमध्ये क्रॉप इमेजची स्वतंत्र आज्ञा २०१७ मध्ये आली, हे लक्षात घेतले तर इंकस्केप या बाबतीत फार मागे राहिले असे म्हणता येणार नाही. कोरलड्रॉचे क्रॉप टूल मात्र फार जुने आणि सरळ आहे. फक्त काहीही न निवडता ते चालवले, तर पानावरच्या सगळ्याच वस्तू छाटल्या जातात.

कड विरघळत जाणारी हवी असेल, तर क्लिपऐवजी मास्क घ्यावा. त्यात वरच्या आकाराचा पांढरा भाग फोटो दाखवतो, काळा लपवतो आणि मधल्या छटा त्या प्रमाणात अर्धपारदर्शक होतात. क्लिपला केवळ आकार कळतो. त्या आकाराची रेघ आणि रंग ती विचारात घेत नाही. म्हणून चौकटीला किनार हवी असल्यास क्लिप लावण्याआधी आकाराची कंट्रोल-डीने एक प्रत करून ठेवावी आणि किनार त्या प्रतीला द्यावी.

इतर साधनांविषयी थोडक्यात. २०२३ च्या १.३ आवृत्तीत आलेले, आकार जोडून-वगळून नवा आकार घडवणारे शेप बिल्डर बोधचिन्हे जुळवण्यासाठी झकास आहे. फोटोवरून वेक्टर रेषा काढून देणारे ट्रेस बिटमॅप एकरंगी शिक्के आणि सह्यांवर चांगले चालते. रंगीत फोटोवर ते वापरू नये, हजारो नोडांचा गुंता हाती येतो आणि संगणक अडखळतो.

क्रॉप कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये केला, तरी उरलेल्या पिक्सेलांचा हिशेब चुकत नाही. ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोतून पाव रुंदीचा भाग ठेवला, की १००० पिक्सेल उरतात आणि ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) छपाईत ते जेमतेम साडेआठ सेंटीमीटर भरतात. लेबलसाठी तेवढे पुरते, पत्रिकेच्या पूर्ण पानासाठी पुरत नाही. लांबून पाहिल्या जाणाऱ्या फ्लेक्सला मात्र एवढ्या घनतेची गरज नसते.

इंकस्केपची सर्वांत मोठी उणीव छपाईच्या टप्प्यावर समोर येते. त्याची पीडीएफ आरजीबी रंगांत (पडद्यावरचे लाल, हिरवा, निळा) तयार होते आणि ऑफसेट छपाईला सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई) लागतो. पडद्यावर झगझगणारा संत्र्याचा केशरी रंग चार शाईंच्या छपाईत नेहमीच थोडा मंदावतो, आणि तो किती मंदावेल हे इंकस्केपमध्ये बसून ठरवता येत नाही. स्क्रायबस या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मांडणी नेऊन तेथून सीएमवायके पीडीएफ काढता येते. डिजिटल प्रिंट आणि फ्लेक्सपुरते काम असल्यास या खटाटोपाची गरज सहसा भासत नाही.

सीडीआर फाइल इंकस्केपमध्ये उघडते, पण पॉवरक्लिप आणि सावल्या जागच्या जागी येतीलच असे नाही, आणि सीडीआर म्हणून सेव्ह तर करताच येत नाही. त्यामुळे छापखान्यात पीडीएफ चालते का, हे काम हाती घेण्याआधीच विचारून घ्यावे. युनिकोड देवनागरी मात्र इंकस्केप निर्दोष मांडते, जोडाक्षरे आणि रफार जेथल्या तेथे येतात. मुक्तासारख्या युनिकोड फॉण्टमध्ये मजकूर टाइप करून शेवटी शिफ्ट-कंट्रोल-सीने त्याचे पाथ (अक्षरांऐवजी नुसते आकार) करावेत, म्हणजे समोरच्या संगणकावर तो फॉण्ट नसला तरी अक्षरे बदलत नाहीत. पाथ केल्यानंतर शुद्धलेखनाची चूक टाइप करून सुधारता येत नाही, म्हणून त्याआधीची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी.