तांब्याचा शोध: मातीचे नमुने की आयपी?

"मामा, प्रोजेक्टला माती घेऊ की आयपी?" भूशास्त्रात एमएस्सी करणारी माझी कळव्याची भाची रविवारी विचारत होती. आयपी म्हणजे इंड्यूस्ड पोलरायझेशन, जमिनीत वीज सोडून खालचं खनिज हुडकायची पद्धत. हाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठीही लिहितो.

आधी तांबं साठतं कसं ते बघा. जमिनीखाली शिलारस थिजत आला की त्यातून कढत, खारट पाणी सुटतं. ते तांबं घेऊन भेगांमधून वर चढतं आणि थंड होताना गंधकासोबत चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजाचे पितळी रंगाचे कण मागे ठेवतं. चिलीतल्या चुकिकामाटाचा साठा असाच झाला. झांबियात मात्र खारं पाणी गाळाच्या थरांतून फिरलं. हा खडक उघडा पडला की पावसाने सल्फाइड, म्हणजे हे गंधकयुक्त खनिज, कुजतं आणि तांबं मातीत, ओढ्यात उतरतं. माती तपासणारा हे उतरलेलं तांबं शोधतो. आयपीवाला खाली शाबूत राहिलेले कण शोधतो.

मातीचं काम स्वस्त. वरचा पालापाचोळ्याचा थर बाजूला करून वीतभर खालची माती घ्यायची, वाळवायची, चाळायची. चाळणी नायलॉनची किंवा स्टीलची हवी. माझ्या पहिल्या कामात प्रयोगशाळेतून पितळी चाळणी मिळाली होती. पितळेत तांबंच असतं, त्यामुळे सगळे आकडे चढे आले आणि अख्खं शिवार पुन्हा फिरावं लागलं. दुसरी गोष्ट, आपल्या येऊरच्या मातीत शंभर पीपीएम (दहा लाख भागांत शंभर भाग) तांबं निघालं तरी हुरळून जाऊ नका. आपल्या काळ्या पाषाणात ते मुळातच तेवढं असतं. ग्रॅनाइटच्या मुलखात, जिथे दहा-वीसच सापडतं, तिथे मात्र हाच आकडा झोप उडवेल. आकडा नेहमी शेजारच्या मातीशी ताडून बघायचा.

आयपीत दोन खुंट्यांमधून जमिनीत वीज सोडतात आणि तोडतात. सल्फाइडचे कण असतील तर व्होल्टेज लगेच पडत नाही, हळूहळू उतरतं. ते मोजायला मोरचुदाचं पाणी भरलेली सच्छिद्र भांडी जमिनीत रोवतात. वर परक्या गाळाचा जाड थर असेल तर माती मुकी होते. तिथे आयपीच हवं. पण तांबं नसलेलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) आणि ग्राफाइटही तसाच प्रतिसाद देतात, यंत्र भाड्याने आणावं लागतं, तारा ओढायला चार माणसं लागतात. ऐरोली-कळव्यात तर सरावसुद्धा होणार नाही, उच्चदाबाच्या तारा, रूळ, जलवाहिन्या सगळं वाचन बिघडवतात.

भाचीच्या हातात सहा महिने आहेत आणि खर्च घरचा. तिला मी मातीच घ्यायला सांगितली, तीही चंद्रपूरकडे, जिथे ठाणेवासन्याला तांबं सापडलेलं आहे. तिथल्या नकाशावर नमुन्यांची जाळी आखून दिली आणि आजीने तिच्या हातात घातलेलं तांब्याचं कडं निघण्यापूर्वी घरीच काढून ठेवायला सांगितलं.